लेकीच्या घरातला खोकला

माझी सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली, त्यातली बरीचशी धारूर डेपोत. या नोकरीनं माणूस संशयी होतो, त्याला इलाज नाही. गाडीत चढलेली बाई शेजारच्या पोराला मांडीवर ओढून घ्यायची, त्याचे पाय दुमडायची आणि म्हणायची, "लहान हाय वो, तिकीट कशाला?" मी बाईशी हुज्जत घालत नसे. पोरालाच विचारायचो, "कितवीला हायस रं?" पोरगं ताठ होऊन सांगायचं, "तिसरीला!" अशी वर्षानुवर्षं गेली, की मग माणूस समोरच्याचं तोंड काय बोलतं ते ऐकत नाही, डोळे कुठं जातात ते बघतो. निवृत्त झालो तरी ही खोड घरात आलीच. दूधवाला असो की पाहुणा, मी आधी डोळे बघतो.

आम्हाला एकच मुलगी. संभाजीनगरला इंजिनिअरिंग करून आली आणि एका संध्याकाळी जेवताना म्हणाली, "अण्णा, मला पुढं शिकायला जर्मनीला जायचंय. पाणी शुद्ध करायचं शास्त्र हाय. तिथल्या सरकारी विद्यापीठात फी घेत न्हाईत."

माझा घास हातातच राहिला. "फी घेत न्हाईत? कावून?"

"तिथं पद्धतच हाय तशी. राहण्या-खाण्याचं आपलं आपण बघायचं."

मला पटलं नाही. माझे थोरले बंधू दिंद्रुडकडची शेती बघतात, तालुक्याच्या राजकारणात उठबस असते. त्यांना विचारलं तर त्यांनी माझ्या संशयावर आणखी चार पोती घातली. "फुकट शिकवत्यात? त्यांची पोरं संपली का काय? पोरगी बाहेर धाडायची म्हंजी हातातली गेली बघ. तिकडंच राहती, नायतर काय काय करून ठेवती." त्यांच्या मनात तिच्यासाठी एक स्थळ होतं, तेही कारण असेल. पण बोलले ते माझ्या मनातलंच होतं.

मुलीनं कुणाचं ऐकलं नाही. कुठल्या एजंटकडं गेली नाही, सगळं स्वतः केलं, जर्मन भाषाही मोबाइलवर शिकली. आम्ही तिला मुंबईच्या विमानतळावर सोडलं. काचेच्या पलीकडं तिनं हात हलवला आणि वळून गेली. बायको रडत होती. मी मात्र बघत होतो, तिच्या मागंपुढं रांगेत कोण कोण आहे.

सुरुवातीचे महिने बरे गेले. दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. ती मोबाइल फिरवून सगळं दाखवायची. ही खोली, हा रस्ता, ही ट्राम, हे विद्यापीठ. ती एका खोलीत आणखी दोन मुलींसोबत राहत होती. मग थंडी सुरू झाली आणि ती म्हणाली, "खोली बदलली. आता एकटीला खोली हाय." तेव्हापासून मोबाइल फिरायचा बंद झाला. तिच्या मागं एक पिवळा पडदा दिसायचा, तेवढाच. आवाजही बारीक झाला होता, कुणाची झोप मोडू नये असा.

आणि एका रविवारी तिच्या बोलण्यामागं कुणीतरी खोकलं.

बाईचा खोकला नव्हता तो. घशातून खोल, ओढून काढलेला, पुरुषाचा खोकला. मी बायकोकडं पाहिलं. तिनंही ऐकलं होतं. मी विचारलं, "कोण खोकलं गं?"

"शेजारी," ती पटकन म्हणाली. "भिंती पातळ हायेत हितल्या."

तिचे डोळे मोबाइलवरून बाजूला गेले आणि परत आले. एवढंच. पण मी आयुष्यभर तेवढंच बघत आलो होतो.

त्यानंतर घरात आम्ही दोघं नीट बोललो नाही. बायको भाकरी थापताना मधेच थांबायची. मी बाजारात गेलो की उगीच लांबच्या रस्त्यानं परत यायचो. पुढच्या रविवारी पुन्हा तोच खोकला आला, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. शेजारी एवढा सतत खोकतो आणि तोही आमच्याच फोनच्या वेळेला? कोण असेल? तिच्याबरोबरचा एखादा मुलगा? लग्न केलं असेल आणि सांगत नसेल? की शिक्षण कधीच सोडलं असेल आणि कुठं भलत्याच ठिकाणी अडकली असेल? मनात एकदा सुरू झालं की उतारावरच्या गाडीसारखं होतं, ब्रेक लागत नाही.

बायकोच शेवटी म्हणाली, "आवं, आपण जाऊन येऊ."

"सांगून जायचं काय? तपासायला आलो म्हणून?"

"टूरनं जाऊ. बीडला टूर कंपनीच्या कार्यालयात परवा परदेश सहलीची माहिती देणार हायेत. फिरायला आलतो, तुला पण भेटलो, आसं म्हणायचं."

बायको कधी इतका पुढचा विचार करते हे मला माहीत नव्हतं. आम्ही बीडला गेलो. सूट घातलेल्या माणसानं पडद्यावर बर्फाचे डोंगर, होड्या, मनोरे दाखवले. व्हिसापासून वरणभातापर्यंत सगळं आमच्याकडं, तुम्ही फक्त बॅग भरा, असं तो हसत हसत म्हणाला. इतका हसणारा माणूस काहीतरी लपवतो, असं मला वाटलं. पण त्या सहलीत कोलोन नावाचं शहर होतं, आणि मुलीचं गाव तिथून रेल्वेनं तासाभरावर होतं. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशातून आम्ही दोन जागा घेतल्या.

मुलीला सांगितलं तेव्हा तिनं आधी मागं वळून बघितलं. मग म्हणाली, "या की! लई भारी. मी कोलोनच्या चर्चपाशी येते तुमाला भेटायला."

"घर न्हाई दाखवणार का?"

"टूरवाले सोडत न्हाईत अण्णा. टाइम कमी असतो."

ती टूरवाल्यांची बाजू मला आधीच सांगत होती, हेही मी मनात टिपून ठेवलं.

आता टूरचं सांगतो. खोटं कशाला बोलू, टूर नसती तर आम्ही दोघं पहिल्याच विमानतळावर हरवलो असतो. कुठं बेल्ट काढायचा, कुठं बोट ठेवायचं, कुठल्या दारातून बाहेर पडायचं, सगळं पुण्याचा तो तरुण टूर मॅनेजर सांगायचा. हातात केशरी छत्री धरून पुढं चालायचा. पॅरिसमध्ये सकाळी पोहे मिळाले, जेवायला पुरीभाजी. गुडघ्याच्या दुखण्यामुळं बायकोला पुढची सीट दिली. पोराचं वागणं चांगलं होतं, हे मान्य करायला हवं.

पण बघायचं ते बसच्या काचेतून. मोठमोठ्या इमारती बाहेरून बघायच्या, फोटो काढायचा, चला. चॉकलेटच्या दुकानात मात्र भरपूर वेळ. तिथं मॅनेजर आणि ड्रायव्हर दोघंही मागच्या बाजूला निवांत कॉफी पीत बसलेले. मी बायकोला म्हणालो, "आपली गाडी ठराविक धाब्यावर कावून थांबायची, तुला म्हाईत हाय ना? ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण तिथं फुकट. हे तेच हाय."

"गप बसा. चॉकलेट चांगलं हाय."

"चांगलंच असतं. आपल्या धाब्यावरची भाजीबी चांगलीच असायची."

आणखी एक गोष्ट मला खुपायची. इतकी माणसं बरोबर असूनही आम्ही त्या देशातल्या एकाही माणसाशी बोललो नाही. सकाळी आपलीच माणसं, दुपारी आपलीच माणसं. आमच्यातल्या एका गृहस्थांना प्रत्येक शहर बारामतीसारखं वाटायचं. माझी लेक या अशा देशात एकटी इतके महिने कुणाशी बोलत असेल, हा प्रश्न मला बसमध्ये बसल्या बसल्या कुरतडायचा.

कोलोनला त्या काळ्या, आभाळाला भिडलेल्या चर्चसमोर बस थांबली आणि ती धावत आली. वाळली होती. केस कापले होते. आईच्या गळ्यात पडली, मग माझ्या पाया पडली. सगळी टूर बघत होती. आम्ही पायऱ्यांवर बसलो. बायकोनं धपाटे काढले, शेंगदाण्याची चटणी काढली. ती खात होती आणि सारखी बोलत होती. चर्च किती वर्षं बांधत होते, नदी कुठून येते, असं सगळं. स्वतःबद्दल काही नाही.

मी म्हणालो, "चल, तुझं घर बघू."

तिचा हात थांबला. "अण्णा, तुमची बस..."

"बसचं मी बघतो."

टूर मॅनेजर तयार होईना. "काका, ग्रुप सोडून जाता येत नाही. तुम्ही हरवलात तर जबाबदारी माझी."

आयुष्यभर मी लोकांना हेच सांगत आलो होतो, की मधेच उतरू नका, गाडी थांबणार नाही. आता मीच मधे उतरायला निघालो होतो. बायकोनं त्याला सरळ विचारलं, "तुज्या आईला तुजं घर बघायचं आसतं तर?" तो थोडा वेळ छत्रीशी चाळा करत राहिला. मग मुलीकडून तिचा नंबर घेतला, संध्याकाळच्या हॉटेलचा पत्ता दिला आणि म्हणाला, "जेवणाच्या आधी पोचवायचं. प्रॉमिस." मुलीनं हो म्हटलं. केशरी छत्री गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्याकडं बघत राहिलो. तीच छत्री सकाळी मला नकोशी झाली होती.

रेल्वेत बसल्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एक सांगायचंय. घरी गेल्यावर रागवू नका."

"खोकणारा कोण हाय?" मी विचारलं.

तिनं आमच्याकडं बघितलं. बायकोनं माझ्या मांडीवर हात ठेवला, तो मला गप्प करायला की स्वतःला आधार म्हणून, कळलं नाही.

"म्हातारा हाय एक," ती म्हणाली. "ऐंशीच्या पुढचा. पूर्वी पोस्टात होता. बायको वारली त्याची. त्याच्या घरात मला खोली मिळाली. भाडं न्हाई. बदल्यात मी त्याचं सामान आणते, औषधं आणते, संध्याकाळी थोडा वेळ सोबत बसते. हितं शिकणाऱ्या पोरांसाठी अशी पद्धतच हाय, विद्यापीठातूनच ठरवून देतात. पहिल्या खोलीत मला अभ्यास करता येत नव्हता, आन भाडं पण झेपत नव्हतं."

"मग सांगितलं कावून न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुमी म्हणला असता, परत ये. मोठ्या काकांनी गावभर केलं असतं, पोरगी शिकायला गेली आन म्हाताऱ्याची चाकरी करती म्हणून. एकटी पोरगी परक्या पुरुषाच्या घरात."

 मी नेमकं तेच म्हणणार होतो. आणि खरं सांगायचं तर माझा संशय अजून गेला नव्हता. म्हातारा म्हणते, पण खरंच म्हातारा आहे का, ते बघायचं होतं.

घर लहान होतं, दोन मजली, पुढं बाग. दार मुलीनं उघडलं नाही. ते आतूनच उघडलं आणि दारात एक उंच बाई उभी होती. पन्नाशी ओलांडलेली, केस आखूड, हाताची घडी. मुलगी दचकली. मला हळूच म्हणाली, "त्यांची मुलगी. ह्या दुसऱ्या गावात राहतात. आज येणार होत्या हे मला म्हाईत नव्हतं."

आत स्वयंपाकघरात टेबलाशी म्हातारा बसला होता. खरंच म्हातारा होता, वाकलेला, कानात यंत्र, गळ्याला मफलर. आमच्याकडं बघून उठायला लागला आणि तो खोकला आला. तोच. बायकोनं पटकन पुढं होऊन त्याला खाली बसवलं, आपल्याकडं घरातल्या वडीलधाऱ्याला बसवतात तसं. उंच बाई एक पाऊल पुढं आली आणि थांबली.

आम्ही टेबलाच्या एका बाजूला, ती बाई दुसऱ्या बाजूला. मधे माझी लेक. बाई जर्मनमध्ये काहीतरी बोलली. मुलगी म्हणाली, "त्या म्हणतात, प्रवास कसा झाला."

मी बाईच्या चेहऱ्याकडं बघितलं. प्रवास कसा झाला असं विचारणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता. "खरं सांग. काय म्हणाली?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "तुमी हितं किती दिवस राहणार, असं विचारलं."

माझा पारा चढला. आम्ही काय यांच्या घरात मुक्काम टाकायला आलो? मी बायकोला म्हणालो, "ऊठ, चल." पण उठता उठता त्या बाईचे डोळे पुन्हा दिसले. ते आमच्या बॅगेवर होते, मग म्हाताऱ्याच्या हातावर, मग माझ्या लेकीवर. परक्या देशातली मुलगी, एकट्या म्हाताऱ्या बापाच्या घरात, आणि आता तिचे आई-बापही आले. हिला काय हवंय? हे किती जण येणार आहेत? ती बाई तेच करत होती, जे करायला मी धारूरहून इथवर आलो होतो.

मी खाली बसलो. "तिला सांग, संध्याकाळच्या जेवणाआधी आमी जाणार. फक्त लेकीची खोली बघायची हाय."

मुलीनं सांगितलं. बाईची हाताची घडी थोडी सैल झाली.

खोली वरच्या मजल्यावर होती. पिवळा पडदा, पलंग, टेबलावर पुस्तकांची चळत, भिंतीवर तिच्या कॉलेजचं वेळापत्रक. बायकोनं पांघरूण चाचपून बघितलं. मी दाराशी गेलो. दाराला आतून कडी होती. मी ती लावून बघितली, काढली, परत लावली, दार ओढून बघितलं. पक्की होती. मागं वळलो तर उंच बाई जिन्यात उभी राहून माझ्याकडं बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या बापाच्या घरात मी कडी तपासत होतो आणि त्याचा अर्थ कुठल्याही भाषेत एकच होतो.

ती काहीतरी बोलली. मुलगी लाल झाली.

"काय म्हणाली?"

"नंतर सांगते."

खाली म्हातारा धपाट्यावर खूश झाला होता. बायकोनं त्याला अगदी बारीक तुकडे करून दिले होते. चटणी मात्र त्याला झेपली नाही, डोळ्यांतून पाणी आलं, मग तो हसायला लागला. माझ्या लेकीचं नाव घेऊन काहीतरी बोलला. मुलगी म्हणाली, "त्यांना म्हणायचंय, मी चहा लई गोड करते." त्यावर पहिल्यांदा ती उंच बाई हसली. निघताना तिनं बायकोशी हात मिळवला, माझ्याशीही मिळवला. हात घट्ट होता, पण डोळे अजून पूर्ण मोकळे नव्हते. माझेही नसावेत.

परतीच्या रेल्वेत मी पुन्हा विचारलं. मुलगी म्हणाली, "त्या म्हणाल्या, तुझ्या वडिलांना सांग, ती कडी मीच बसवून घेतली. तू राहायला यायच्या आधी."

बायकोनं डोळ्याला पदर लावला. मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. लाज वाटली, आणि बरंही वाटलं. ज्या बाईला स्वतःच्या बापाच्या घरात परक्या पोरीसाठी कडी बसवावीशी वाटली, तिच्याशी मला मराठीत बोलता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी ऊन उतरतच नव्हतं, तिकडचा उन्हाळा तसाच. हॉटेलच्या दारात मॅनेजर वाट बघत उभा होता. आम्हाला बघून त्यानं इतका मोठा श्वास सोडला, की मला त्याची कीव आली. मुलगी माघारी गेली. राहिलेली टूर आम्ही केली, बर्फातही गेलो, पण मला त्यातलं फार काही आठवत नाही.

गावी आल्यावर थोरले बंधू आलेच. फोटो बघून झाल्यावर म्हणाले, "पोरगी राहती कुठं?"

मी शब्द जुळवत होतो, तोवर बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "एका म्हाताऱ्याच्या घरी. त्याचं सामान आणती, औषध आणती. आमी बसून आलो त्याच्यासंगं."

बंधूंनी माझ्याकडं बघितलं. "तू नीट बघितलंस?"

"बघितलं."

ते बराच वेळ मिशीवर बोट फिरवत राहिले. गावभर केलं की नाही, मला माहीत नाही. केलं असेल. पण यंदा त्यांचाच नातू परदेशी जायचं म्हणतोय, आणि आता ते मला विचारायला येतात, फायदा काय, तोटा काय. मी काय सांगणार? तिथं शिकायला मिळतं, कुणाच्या ओळखीशिवाय मिळतं, हे खरं. आणि पोरं आपल्याला सगळं सांगायची थांबतात, हेही खरं. आम्ही टूरनं गेलो म्हणून पोचलो, आणि टूर सोडली म्हणून लेक दिसली. यातलं कुठलं फायद्याच्या बाजूला घालायचं?

म्हातारा पुढच्या थंडीत पडला, त्याची मुलगी त्याला आपल्या घरी घेऊन गेली. माझ्या लेकीचं सामान नव्या खोलीवर तिनंच आपल्या गाडीतून पोचवलं. लेक पास झाली. आता तिथल्याच एका शहरात पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात नोकरी करते. मधे येऊन गेली, आम्ही तिघं कपिलधारला जाऊन आलो. धबधब्याखाली बाटली भरून घेऊन ती पाण्याकडं इतका वेळ डोळे बारीक करून बघत राहिली, की बायको म्हणाली, "बापावर गेली."

परवाच्या रविवारी फोन आला. म्हणाली, "अण्णा, या उन्हाळ्यात परत या. पण टूरनं येऊ नका. तिकिटं मी काढते, महिनाभर राहा माझ्याकडं."

फोन ठेवल्यावर मी बायकोला विचारलं, "टूरनं नको, आसं कावून म्हणली आसंल?"

"लेक हाय," ती म्हणाली. "चार दिवस आईबाप जवळ पायजेत, दुसरं काय."

असेल. तिकीट मात्र मी अजून काढू दिलेलं नाही. पुढच्या रविवारी तिला आधी विचारणार आहे, नव्या घरात आणखी कोण राहतं.